राणीबागेत पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचून घ्या

मुंबईत नवीन राहायला आलात किंवा गावाहून भाचरं सुट्टीला आली की आठवड्याभरात घरात विषय निघतोच, पेंग्विन बघायला कधी न्यायचं. मग रविवारी सगळे आरामात आंघोळी-नाश्ता उरकून अकराला निघतात, साडेबाराला भायखळ्याला पोचतात, रांगेत ताटकळतात, पाच मिनिटं पेंग्विन बघतात, तोवर पोरं भुकेने रडकुंडीला येतात आणि घरी आल्यावर सांगतात की राणीबागेत आता काही राम नाही. राम भरपूर आहे हो. फक्त ही आधी बाग आहे आणि प्राणी तिच्यात नंतर आलेत, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. १८६२ साली उघडलेली बाग आहे ही, मुंबईसारख्या ठिकाणी जवळपास ५० एकरांवर जुनी झाडं एका जागी उभी आहेत आणि लोक त्यांच्या खालून झपाझप चालत पिंजरे मोजत जातात.

पाट्यांवर आणि तिकिटावर नाव दिसेल वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बसच्या कंडक्टरला जिजामाता उद्यान म्हणा, टॅक्सीवाल्याला राणीबाग म्हणा, सगळे एकाच गेटला नेऊन सोडतात.

वार आधी बघा, मग बाकीचं

बुधवारी बंद असते. हे दहा जणांना सांगा, त्यातले दोन तरी बुधवारीच जाऊन गेटवर उभे राहतील. आणि यात एक गोम आहे, बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी चालू ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी बंद ठेवतात, म्हणजे दिवाळी-नाताळच्या आठवड्यात कॅलेंडर नीट बघूनच निघायचं. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, पण तिकीट खिडकी त्याच्या आधीच बंद होते त्यामुळे चारनंतर जाण्यात अर्थ नाही, आत शिरून होईपर्यंत शिट्ट्या सुरू होतात.

जमलं तर मंगळवार, गुरुवार, शुक्रवार यातला दिवस धरा. ऑफिसला एक दिवस सुट्टी टाकावी लागली तरी टाका, खरंच सांगतो. रविवारची गर्दी हा वेगळाच प्रकार आहे, आणि २५ डिसेंबर, १ जानेवारी हे दिवस तर विसराच, २०२३ च्या १ जानेवारीला एका दिवसात ३० हजारांवर माणसं आली होती. डिसेंबर-जानेवारीत वीकडेला शाळांच्या सहली असतात, दोन-दोनच्या रांगेत वर्गच्या वर्ग येतात, पण त्याचा त्रास फार नाही, बाई पुढे आणि पोरं मागे असं भराभर निघून जातात, पाच मिनिटं बाजूला थांबलं की रस्ता मोकळा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात सगळी मुंबई येते कारण शाळांना सुट्टी, पण दुपारी प्राणी आणि माणसं दोघांचीही हालत सारखीच असते. पावसाळ्यात बाग जी काही दिसते ती दिसते, हिरवी गच्च, फक्त जोराचा पाऊस लागून राहिला असेल तर त्या दिवशी लोकलचा भरवसा नसतो म्हणून नको. आणखी एक, जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं इथे, फुलांचे मोठमोठे देखावे करतात, दोन-तीन दिवसांचंच असतं, तारखा दरवर्षी पेपरात येतात. झाडांची आवड असेल तर ते मुद्दाम गाठा, पण त्याच दिवशी पेंग्विनही बघू असा डाव टाकू नका.

जायचं कसं

भायखळा स्टेशन, सेंट्रल लाईन, पूर्वेला उतरायचं. फास्ट गाड्याही बहुतेक थांबतात पण आपली थांबते का ते इंडिकेटरवर बघून चढा. वेस्टर्नवाल्यांनी दादरला बदलायचं, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला. स्टेशनातून पूर्वेला बाहेर आलं की चालत दहा-पंधरा मिनिटं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडला लागूनच बाग आहे, कोणालाही विचारा. बरोबर आजी-आजोबा असतील तर टॅक्सी करा, काळी-पिवळी, किमान भाड्यात होतं. ठाणे-डोंबिवलीकडची मंडळी इथे रिक्षा शोधत बसतात, तर रिक्षा या भागात येतच नाही, सायन आणि वांद्र्याच्या पलीकडेच त्या थांबतात.

रविवारीच जाणं भाग असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी उशिरापर्यंत चालतो, म्हणजे सकाळी जाताना काही कळत नाही आणि दोन वाजता झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन प्लॅटफॉर्मवर आलं की वीस-वीस मिनिटं गाडी नाही. गाडी घेऊन येणाऱ्यांना काय सांगू, सुट्टीच्या दिवशी पार्किंग शोधण्यात जितका वेळ जाईल तितक्यात ठाण्याहून लोकलने माणूस येतो.

तिकीट

मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-बाबा व दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर एकच १०० रुपयांचं तिकीट मिळतं. हे फॅमिली तिकीट तोंडाने मागून घ्या, मागे रांग ओरडत असते तेव्हा खिडकीवरचा माणूस हिशोब समजावत बसत नाही. पेंग्विनचं वेगळं तिकीट नाही, यातच आलं. दर २०१७ साली वाढवले तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, त्याआधी मोठ्यांना ५ रुपयात प्रवेश होता म्हणून. आजही एका माणसाच्या पॉपकॉर्नच्या पैशात अख्खं घर दिवसभर फिरतं, मला तरी हा सौदा महाग वाटत नाही. ऑनलाईन तिकीटही निघतं, रविवारी ते आधी काढून ठेवलं तर एक रांग वाचते. जाण्याच्या आदल्या दिवशी दर एकदा बघून घ्या, महापालिकेचं काही सांगता येत नाही.

आसपास राहायला आला असाल तर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी महिन्याचा पासही असतो. तेव्हा बागेत प्राणी बघायला येणारं कोणी नसतं, नुसती पाखरं आणि चालणारी माणसं.

बॅगेत काय

पाणी घरूनच, शक्यतो स्टीलच्या किंवा जाड बाटलीत, कारण गेटवर बॅगा तपासतात आणि प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं यावरून वाद घालण्यात मजा नाही. डब्यात पोळीचे रोल, ठेपले, काकडी असं कोरडं काहीतरी घ्या. आत खायला मिळतं पण सुट्टीच्या दिवशी तिथेही रांग आलीच. टोपी, रुमाल, डासांचं क्रीम, झाडी म्हटलं की डास आलेच, विशेषतः पावसाळ्यात. लहान मुलांच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहून टाका, मुलं हसतात पण लिहा. चपला आवाज करणाऱ्या, शिट्टीच्या बुटांची बाळं, हे पक्ष्यांच्या विभागात सगळ्यांना वैताग देतं.

आणि प्राण्यांसाठी काहीही घेऊ नका. शेंगदाणे नको, बिस्किट नको, केळं तर नकोच. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं किंवा डिवचणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यांचं खाणं मोजूनमापून ठरलेलं असतं. मुलांसमोर मोठी माणसंच काचेवर टकटक करतात, तेव्हा पोराला काय बोलणार.

आत गेल्यावर पहिले पेंग्विन, मागचापुढचा विचार न करता

साडेनऊला गेट उघडतं तेव्हा तुम्ही गेटवर पाहिजे. आत शिरलं की पोरं पहिल्या पिंजऱ्याशीच थांबायला बघतात, थांबू नका, परत येतानाही तो तिथेच असणार आहे, सरळ पेंग्विन कक्षाकडे चालायला लागा. अकराच्या आत गेलात तर रांग अशी नसतेच, बारानंतर ती वळणं घेत बाहेर येते.

हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून ८ आणले, २०१७ च्या मार्चमध्ये लोकांसाठी कक्ष उघडला, पुढे इथेच पिल्लंही झाली. त्यावरून राजकारण किती झालं तो वेगळा विषय. मुलांना आधीच सांगून ठेवा की बर्फाचे डोंगर दिसणार नाहीत. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिकडच्या थंड समुद्री प्रवाहाच्या काठाने राहणारे, अंटार्क्टिकाशी यांचा संबंध नाही. त्यामुळे काचेआड खडक, पाणी आणि १६ ते १८ डिग्रीची हवा एवढंच असतं. कार्टून बघून आलेली पोरं पहिल्यांदा "एवढेसेच?" म्हणतात, कारण उंचीला ते जेमतेम दोन-सव्वादोन फूट.

गर्दी फोटो काढण्यात गुंतलेली असते तेव्हा तुम्ही दोन गोष्टी बघा. एक म्हणजे चोचीच्या बुडाशी गुलाबी कातडी उघडी दिसते, तिथे पिसं नसतात, अंगातली जास्तीची उष्णता ते तिथून बाहेर टाकतात. दुसरं, छातीवरचे काळे ठिपके, प्रत्येकाचे वेगळे असतात, पोरांना सांगा की याचे किती आणि त्याचे किती बघ, मग ती पाच मिनिटं कशी जातात कळत नाही. जमिनीवर डुलत चालणारा हाच पक्षी पाण्यात शिरला की जे काही सुसाट जातो ते बघायलाच काचेपाशी थांबायचं असतं, पण सुरक्षारक्षक "चला पुढे, चला पुढे" करत राहतो, तेव्हा गुपचूप पुढे व्हा आणि गर्दी नसेल तर त्याला गोड बोलून पुन्हा एक चक्कर मारा, वीकडेला सोडतात. फ्लॅश बंद.

मग पक्षी, मग बाकीचे

पेंग्विन झाले की निम्मी गर्दी तिथेच आईस्क्रीम खात बसते, तुम्ही मोठ्या पक्षीगृहाकडे वळा. २०२० च्या २६ जानेवारीला उघडलेलं हे भलंमोठं जाळीचं दालन, यात पक्षी आत आणि तुम्ही बाहेर असं नाही, दोघंही आतच. वरून पूल आहे, खाली पाणी वाहतं, आणि पक्षी डोक्यावरून जातात. मला विचाराल तर अख्ख्या राणीबागेत पेंग्विनपेक्षा हे जास्त बघण्यासारखं आहे, पण लोक इथे दोन मिनिटांत पूल ओलांडून पलीकडे. पुलावर मध्ये एका बाजूला उभं राहा, गप्प, कठड्याला हात टेकवून. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही, मग एकेक करून दिसायला लागतात, पानाआड बसलेला, दगडावर एका पायावर उभा असलेला, आणि मग मुलंच दाखवायला लागतात.

वाघ-बिबट्या बघायचे तर सकाळीच, अकराच्या आत किंवा मग चारनंतर. दुपारी मांजराची जात झोपणार, जंगलात पण तेच आणि इथे पण तेच, त्याला हाका मारून उठवायला तो आपल्या घरचा नाही. काचेपलीकडे कोपऱ्यात पिवळं काहीतरी पडलेलं दिसलं तरी दिसला म्हणायचं आणि पुढे जायचं, परत जाताना पुन्हा डोकवायचं. पाणघोडा पाण्यात बुडी मारून असतो, त्याच्यापाशी मात्र थांबा, दर काही मिनिटांनी श्वासाला वर यावंच लागतं त्याला, नाकपुड्या पाण्यावर येऊन फुर्रकन आवाज होतो आणि पोरं खिदळतात. मगर-सुसरींसाठी पण आता काचेची गॅलरी झाली आहे, पाण्याखालचं धूड डोळ्यासमोर येतं. अस्वल, तरस, कोल्हे, हरणांचे प्रकार आहेत. कुठला प्राणी नेमका कधी बघायला ठेवलेला असेल ते बदलत राहतं त्यामुळे पोरांना घरूनच यादी कबूल करून येऊ नका. आजोबा बरोबर असतील तर ते विचारतील हत्तीवरची सफर कुठे आहे म्हणून, ती कधीच बंद झाली, बरंच झालं.

बारा ते दोन, झाडांखाली

ही वेळ बागेची. ऊन चढलेलं, प्राणी झोपलेले, बाकीची जनता रांगेत, आणि तुमचं मुख्य काम उरकलेलं. गवतावर बसायची जागा शोधा, डबे काढा.

खाऊन झालं की मुलांना झाडं शोधायला सोडा. कैलासपती तर लांबून ओळखू येतो, फांद्यांवर नाही तर थेट खोडाला लोंबणाऱ्या दांड्यांवर फुलं आणि तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं. फुलात नागाच्या फण्याखाली पिंडी असल्यासारखी रचना दिसते, म्हणून ते नाव. वास चांगला दणकट असतो. फळ खाली पडून फुटलेलं असेल तर त्याच्यापासून लांब राहा, घाण वास, आणि झाडाच्या बरोब्बर खाली सतरंजी टाकू नका, तेवढ्या वजनाचं फळ डोक्यात पडलं तर हसण्यावारी जाणार नाही. गोरखचिंच आहे, मूळची आफ्रिकेकडची, खोड एवढं जाड की चार मुलांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करावा. कृष्णवड आहे, त्याचं पान देठापाशी दुमडून छोटा द्रोण झालेला असतो, कृष्णाने त्यात लोणी लपवलं अशी गोष्ट सांगतात, गळून पडलेलं पान उचलून त्यात थेंबभर पाणी घालून बघायला हरकत नाही, झाडावरचं तोडू नका. आणि उर्वशी. ब्रह्मदेशातलं झाड हे, मुंबईत फार थोड्या ठिकाणी आहे. थंडी सरता सरता फुलतं, लालसर गुलाबी फुलांचे लांब घोस खाली झुंबरासारखे लोंबतात, पाकळ्यांवर पिवळे ठिपके. फुललेलं असताना सापडलं तर नशीब समजा, माळीबुवांना विचारा, कुठलं झाड फुलावर आहे ते त्यांनाच माहीत असतं आणि विचारलं की आनंदाने दाखवतात.

या बागेत २८० च्या वर जातींची ३ हजारांहून जास्त झाडं मोजलेली आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायची मोठी योजना आली तेव्हा यातली बरीच झाडं जातील म्हणून मुंबईतल्या काही बायकांनी आणि झाडप्रेमींनी मोहीम काढली, फिरफिरून एकेका झाडाची नोंद केली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आज तुम्ही ज्या सावलीत बसून ठेपले खाताय त्यात त्यांचा वाटा आहे.

वर मान करून पण बघा एकदा, उंच झाडांवर वटवाघळं उलटी टांगलेली असतात दिवसा. पोरांना ती पेंग्विनहून जास्त आवडतात असा माझा अनुभव आहे, आणि त्यांना ना रांग ना तिकीट.

काळा घोडा आणि म्युझियम

फोर्टात काळा घोडा म्हणतात त्या चौकात खरा घोडा कुठेय असं नवीन माणूस विचारतोच. तो इथे आहे. राजा सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला तो काळा पुतळा १९६५ साली तिकडून उचलून राणीबागेत आणून ठेवला, आता फोर्टात आहे तो नंतर बसवलेला बिनस्वाराचा घोडा. शोधा आणि फोटो काढा, मित्रांमध्ये भाव खाता येतो.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. त्याचं तिकीट वेगळं, बुधवारी तेही बंद, आणि जुनी वास्तू असल्याने मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवतात म्हणून निघण्याआधी चालू आहे ना ते बघा. आत मुलांना मोठमोठ्या इतिहासात काही रस नसतो, त्यांना थेट मातीच्या छोट्या माणसांच्या कपाटांकडे न्या. जुन्या मुंबईतली वेगवेगळ्या जातीधर्मांची, धंद्यांची माणसं वीतभर उंचीत उभी आहेत, प्रत्येकाची पगडी वेगळी, पायातलं वेगळं, जहाजांचे नमुने पण आहेत. बाहेरच्या आवारात दगडी हत्ती आहे, तोच ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते मग इकडे आणून जोडले. नीट बघितलं तर सांधे दिसतात, पोरांना सांधे शोधायला सांगा.

बरोबर अगदी लहान मूल असेल तर म्युझियम दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, झोपेच्या वेळी काचेची कपाटं आणि पोर हे समीकरण जमत नाही.

निघताना

वीकडेला आलात तर साडेतीन-चारला बाहेर पडा. पाचनंतर भायखळ्याहून ठाणे-कल्याणकडच्या गाडीत मुलं घेऊन चढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. उशीर झालाच तर फास्टचा नाद सोडा, स्लो पकडा, किंवा उलटं सीएसएमटीला जाऊन तिथून बसून या, वीस मिनिटं जास्त गेली तरी चालेल. आणि अंगात अजून त्राण असेल तर बाहेरच आंबेडकर रोडवरून दादरच्या दिशेने बस किंवा टॅक्सी पकडून लालबागला उतरा, चिवडा गल्लीत पाव-पाव किलोचे दोन-तीन प्रकार चाखून घ्या, मग तिथून चालत चिंचपोकळी किंवा करी रोड स्टेशन. या दोन्ही ठिकाणी फक्त स्लो गाडी थांबते.